होडीखालची हाक

मी बीकन बोलतोय. नाव ओळखीचं वाटलं नाही, तर त्यात तुमचा काही दोष नाही. माझं काम बर्फाच्या डोंगरातलं आणि माझा मुक्काम सिंगापुरात, जिथे बर्फ सापडतो तो फक्त सरबताच्या ग्लासात.

साबणाच्या वडीहून थोडा मोठा माझा देह. मला पट्ट्यांनी छातीवर बांधतात आणि वरून जाकीट चढवतात. चालू केलं की मी एकसारखी हाक देत राहतो. ती माणसाच्या कानाला ऐकू येत नाही, दुसऱ्या बीकनला येते. हिमकडा कोसळून माझा माणूस बर्फाखाली गाडला गेला, तर बाहेरच्यांनी आपापले बीकन 'शोध'वर टाकायचे. मग पडद्यावर बाण उमटतो, अंतराचा आकडा उमटतो, आणि त्यामागे जाऊन ते माझ्या माणसाला खणून काढतात. गाडलेल्या माणसाकडे वेळ फार थोडा असतो. म्हणून माझ्या जन्मात गंमत अशी काही नाही. मी गळ्यात आलो, म्हणजे कुणीतरी मरणाचा विचार करून ठेवलाय, एवढंच समजायचं.

युरोपातल्या एका डोंगराच्या पायथ्याशी, कारखान्यात माझा जन्म झाला. माझ्यासोबतच माझा जोडीदारही तयार झाला. आम्हा दोघांना एका इंजिनिअरने विकत घेतलं आणि नोकरीसाठी सिंगापूरला येताना सोबत आणलं. इथून जपानला जाऊन स्कीइंग करीन, असं तो म्हणायचा. गेला नाही. कपाटातल्या दमट अंधारात आम्ही दोघं पडून राहिलो. पुढे तो मायदेशी परतायला निघाला, घरातलं सामान इंटरनेटवर विकायला काढलं, आणि आम्हाला न्यायला शैलेंद्र आला.

शैलेंद्र पुण्याचा. एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात मॅनेजर. सेरंगूनला फ्लॅट, बायको नीता, सात वर्षांची मुलगी मैत्रेयी. लग्नाआधी तो आणि नीता मोटरसायकलवरून ताम्हिणी घाट पालथा घालायचे. सिंगापूरला आल्यावर ती मोटरसायकल सुटली आणि त्याच्या हातात फोन आला. ऑफिसची सिस्टिम कधीही बंद पडायची आणि कधीही फोन वाजायचा. चाळिशी जवळ आली तेव्हा त्याने ठरवलं, की नीताला घेऊन कॅनडाच्या डोंगरात जायचं, गाइड घ्यायचा आणि खोल बर्फात स्नोमोबाइल चालवायची. बर्फावरची मोटरसायकलच ती.

"हे काय आणलंस?" आम्हाला टेबलावर पाहून नीताने विचारलं.

"फेब्रुवारीत जायचंय ना. तिथे हे लागतं."

"कधी लागतं?"

शैलेंद्र जरा अडखळला. "गाडलं गेलं तर."

"कोण?"

शैलेंद्र पट्टे सोडवत बसला.

गाइडचं नाव क्लेअर. पन्नाशीची, उन्हाने रापलेल्या चेहऱ्याची बाई. शनिवारी सकाळी स्काइपवर ती दिसायची, तेव्हा तिच्याकडे आदली संध्याकाळ असायची. मशीन कोणती, कपडे कुठले, हे शैलेंद्र उत्साहाने विचारायचा. क्लेअर दरवेळी एकाच गोष्टीवर यायची. ती इंग्रजीत बोलायची, मी मराठीत सांगतो.

"तुम्ही गाडले गेलात तर मी तुम्हाला शोधीन. पण मी गाडली गेले तर? तेव्हा डोंगरात फक्त तुम्ही दोघंच असाल. म्हणून सराव करून या. वाळूत करा, गवतात करा, कुठेही करा."

असे आम्ही ऑक्टोबरातल्या एका सकाळी बेडोकजवळच्या ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर पोहोचलो.

शैलेंद्रने मला डब्यात घालून वाळूत पुरलं आणि नीताने शोधलं. मग नीताने पुरलं आणि शैलेंद्रने शोधायला घेतलं. त्याला काही केल्या जमेना. तो धावायचा, बाण एकदम उलटा फिरायचा, हा चिडायचा. नीता म्हणाली, "अरे, हळू चाल. क्लेअरने काय सांगितलं होतं? आणि तो फोन आधी बाजूला ठेव. त्याने बीकन गोंधळतो."

"ऑन-कॉल आहे मी आज. फोन कसा ठेवू?"

मैत्रेयी कंटाळली होती. "बाबा, सो बोरिंग लाह!" असं सिंगापुरी ढंगात तिने तिसऱ्यांदा म्हटल्यावर शैलेंद्रने मला डब्यातून काढलं, तिच्या गळ्यात अडकवलं आणि म्हणाला, "जा, लप. बाबा शोधतो."

"तिच्या हातात खेळणं म्हणून देऊ नकोस ते," नीता म्हणाली.

"सराव तर होतोय ना!"

मैत्रेयी पळाली. तिच्या छातीवर मी उड्या मारत होतो. सुरूच्या झाडांपलीकडे भाड्याच्या होड्या ठेवल्या होत्या. त्यातली एक जुनी होडी लाकडाच्या ओंडक्यावर उपडी टेकवलेली होती आणि तिच्या एका बाजूला फट होती. मैत्रेयी पोटावर सरपटत आत शिरली आणि तोंडावर हात धरून खुदुखुदु हसू लागली.

बाहेर काय झालं, ते मला नंतर त्या दोघांच्या भांडणातून कळलं. त्याच वेळी शैलेंद्रचा फोन वाजला होता. ऑफिसची सिस्टिम पडली होती. तो झाडाखाली पाठ करून बोलत उभा राहिला. नीता सामान आवरत होती, कारण समुद्रावर आभाळ काळं झालं होतं. तिला वाटलं, मैत्रेयी बाबाजवळ आहे. त्याला वाटलं, ती आईकडे गेली.

आणि वादळ आलं. इथे अशा वादळाला 'सुमात्रा'च म्हणतात, कारण ते सुमात्रा बेटावरूनच समुद्र ओलांडून येतं. आधी वारा, मग अंगावर दगड मारल्यासारखा पाऊस. शेजारच्या रचलेल्या होड्यांतली एक वाऱ्याने घसरून आमच्या होडीवर आदळली. ओंडका निसटला आणि फट बंद झाली.

मैत्रेयीचं हसू थांबलं. तिने होडीला ढकललं, ती हलली नाही. "आई!" ती ओरडली. वीज कडाडली, त्यात तिची हाक विरून गेली. वरच्या गवतातून ओघळ येऊन होडीखालच्या खळग्यात पाणी साचू लागलं. ती गुडघे पोटाशी घेऊन बसली. तिचं हृदय माझ्या पाठीवर धडधडत होतं. तिने मला दोन्ही मुठींत धरलं आणि मला म्हणाली, "टेल बाबा. प्लीज, टेल बाबा."

मला बोलता येत नाही. मी हाक देत होतो. एक संपली की दुसरी, दुसरी संपली की तिसरी. ऐकणारा कुणी आहे की नाही, हे मला कधीच कळत नाही. फायबरच्या होडीतून माझी हाक जाते, पावसातूनही जाते. पण ती ऐकायला समोर कान लागतो.

किनारा एव्हाना ओस पडला होता. लोक आडोशाला पळाले होते. नीता मैत्रेयीच्या नावाने ओरडत लाटांपर्यंत जाऊन आली होती. शैलेंद्रला एकदम बीकन आठवला. त्याने माझ्या जोडीदाराला 'शोध'वर टाकलं आणि तो धावत सुटला. बाण डावीकडे, मग उजवीकडे, आकडा कमी झाला, परत वाढला. तो रडकुंडीला आला.

नीताने त्याचा दंड धरला. "थांब."

"अगं, ती..."

"थांब म्हणते ना! फोन कुठे आहे तुझा?"

फोन त्याच्या शर्टाच्या वरच्या खिशात होता, जोडीदाराला अगदी चिकटून. नीताने तो काढला आणि भिजत्या गवतात लांब फेकून दिला. जोडीदाराला स्वतःच्या हातात घेतलं. मग ती चालू लागली. धावली नाही. माझी हाक सरळ रेषेत जात नाही, कमानीसारखी वळते. तिच्यामागे जाणाऱ्यालाही वळून जावं लागतं. आपली पोर सरळ समोर असेल असं मन ओरडत असताना बाण दाखवेल तिकडे वळत जाणं किती कठीण असेल, याचा विचार करा. विजा चमकत होत्या. नीता एकेक पाऊल टाकत होती आणि आकडा मोठ्याने म्हणत होती, म्हणजे शैलेंद्रला धीर राहील.

शेवटी ती गुडघ्यांवर आली. जोडीदाराला वाळूलगत धरून इकडे, मग तिकडे सरकवलं. जिथे आकडा सगळ्यात लहान झाला, तिथे डोकं वर केलं, तर समोर होडी.

"शैलेंद्र, उचल!"

वरची होडी त्याने एकट्याने बाजूला लोटली. खालची उचलताना त्याच्या बोटांची सालटं निघाली. आत मैत्रेयी पाण्यात बसली होती. मी अजून तिच्या मुठीत होतो.

"यू टुक सो लाँग, बाबा," ती म्हणाली, आणि मग मोठ्याने रडू लागली.

चूक कुणाची यावरून दोघं घरी येईपर्यंत भांडत होते. मैत्रेयी झोपल्यावर शैलेंद्र म्हणाला, "मी क्लेअरला कळवतो. रद्द करू सगळं."

"का?"

"का म्हणजे? आज काय झालं ते बघितलंस ना?"

नीता टॉवेलने मला पुसत होती. "जायचं ठरवलंस तेव्हा हौसेने ठरवलंस. आता रद्द करतोयस ते भीतीने. शैलेंद्र, दोन्ही वेळा तू विचार कुठे केलास? मला न विचारता ठरवलंस आणि आता न विचारता मोडतोयस."

"तुला अजून जायचंय?"

"मला हे बघायचंय, की मी खाली असताना तू मला शोधू शकतोस की नाही. कॅनडाला गेलो नाही तरी मला ते बघायचंय."

शैलेंद्रने दुसरा टॉवेल आणून माझ्या जोडीदाराला पुसायला घेतलं.

पुढच्या शनिवारी स्काइपवर नीतानेच सगळं सांगितलं, काही न लपवता. क्लेअरने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, आता ही नाही म्हणणार. शैलेंद्रलाही तेच वाटलं असावं, कारण तो स्क्रीनकडे बघत नव्हता.

"मुलगी कशी आहे?" क्लेअरने आधी हे विचारलं. मग म्हणाली, "तुम्ही दोघं एकाच दिवशी डोंगरावर येणार नाही. एकजण माझ्यासोबत, एकजण खाली गावात मुलीपाशी. फोन गावात राहील. आणि मी सकाळी 'आज नाही' म्हटलं, की आज नाही. मैलोन् मैल आलोय, खर्च केलाय, हे मला ऐकवायचं नाही. शैलेंद्र, तुझ्याकडून हो हवंय."

शैलेंद्रच्या तोंडून हो लगेच निघेना. एवढ्या लांब जायचं आणि खिडकीतून डोंगर बघत बसायचं? नीता त्याच्याकडे बघत होती, पण मध्ये पडली नाही.

"हो," तो म्हणाला. "आणि नीता आधी जाईल."

त्यानंतर दर रविवारी आम्ही किनाऱ्यावर. मैत्रेयी आजीसारखी झाडाखाली बसून ओरडायची, "बाबा, स्लोली!" ऑन-कॉलची पाळी शैलेंद्रने रविवारी घेणं बंद केलं, त्यावरून ऑफिसात कुरबुर झाली, ती त्याने सोसली. हळूहळू त्याची चाल बदलली. एका रविवारी त्याने मला शोधलं, तेव्हा नीता टाळ्या वाजवेल असं मला वाटलं होतं. तिने मला पुन्हा पुरलं, अधिक खोल.

फेब्रुवारीत आम्ही गेलो. क्लेअर पहिल्या दोन्ही सकाळी 'आज नाही' म्हणाली. शैलेंद्र ओठ आवळून मैत्रेयीसोबत बर्फाचे गोळे करत बसला. तिसऱ्या दिवशी नीता निघाली, मी तिच्या छातीवर. जन्मल्यापासून इतक्या वर्षांत मी बर्फ पहिल्यांदा बघत होतो. पांढऱ्या, निःशब्द झाडांमधून दोन मशीन वर चढत गेल्या. एका रुंद उताराच्या कडेला क्लेअरने हात वर केला, इंजिन बंद केलं आणि नीतालाही करायला लावलं. मग ती खाली उतरून दोन पावलं पुढे गेली. पायाखालून एक आवाज आला. रिकाम्या घरात कुणीतरी वजनदार दार लावावं, तसा. बर्फाचा खालचा थर आतल्या आत खचला होता, म्हणजे उतार कधीही सुटू शकत होता.

नीताचा श्वास थांबला. ते मला छातीवर कळलं.

"परत," क्लेअर हलकेच म्हणाली. "माझ्याच खुणांवरून. एकेकटं."

नीताने का म्हणून विचारलं नाही. मशीन वळवली, आणि खालच्या रानात पोहोचेपर्यंत मागे पाहिलं नाही. तो उतार नंतर कोसळला की तसाच राहिला, ते मला माहीत नाही. परत फिरलेल्या माणसाला ते कधीच कळत नाही. आम्ही गावात शिरलो तेव्हा शैलेंद्र रस्त्यावरच उभा होता, मैत्रेयीला खांद्यावर घेऊन. नीताने हेल्मेट काढलं आणि बराच वेळ त्याचा हात धरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी क्लेअरने शैलेंद्रला वरच्या सपाट कुरणावर नेलं. तिथे कोसळायला काही नव्हतं, आणि बर्फ मात्र कमरेएवढा होता. तो ओरडत, हसत मशीन चालवत राहिला. दोनदा रुतला. क्लेअरने दोन्ही वेळा त्यालाच खणायला लावलं.

त्याला चार वर्षं झाली. आता पुन्हा बेत ठरतोय. या वेळी मैत्रेयीलाही मशीनवर बसायचंय. नवे बीकन घरी आलेत, माझ्याहून हलके आणि हुशार. काल नीताने इमारतीखालच्या मोकळ्या जागेत मला एका खांबाशी ठेवलं आणि नवा बीकन घेऊन ती मागे मागे चालत गेली. थोडीच पावलं झाली आणि त्याला माझी हाक ऐकू येईना. तिने पुन्हा करून पाहिलं, पुन्हा तेच. इथल्या खाऱ्या, दमट हवेने माझा आवाज बसलाय.

"विकून टाकू का?" शैलेंद्रने विचारलं. "त्याच्यावरचा दिवा तर लागतोय."

"दिवा लागतोय म्हणूनच नको," नीता म्हणाली.

तिचं बरोबर आहे. तुमच्यापैकी कुणी डोंगराचा बेत आखत असाल आणि कुणी माझ्यासारखा जुना बीकन स्वस्तात देऊ केला, तर घेऊ नका. मी चालू होईन, दिवा लुकलुकेल, तुम्हाला वाटेल सगळं ठीक आहे. बर्फाखाली गेल्यावर मात्र मी हाका मारीन आणि त्या वरपर्यंत पोहोचणार नाहीत. ज्याच्यावर कुणी भरवसा ठेवू नये, त्याने गळ्यात राहू नये.

नीताने माझं मागचं झाकण उघडलंय. पहिली बॅटरी निघाली. तिची बोटं दुसरीवर आहेत. काढ, नीता. मला काही दुखत नाही.