माझं नाव 'राहू दे'

मित्रांनो, मी एक भाड्याचा, जुना संगणक आहे आणि आत्ता मी फार घाबरलेलो आहे. दूरच्या एका थंडगार दालनात माझ्यासारखे हजारो जण मांडणीत बसलेले असतात. लोक आम्हाला घरबसल्या तासाच्या बोलीवर घेतात. काम द्या किंवा देऊ नका, चालू आहोत तोवर भाडं चढत राहतं.

मला घेतलं ते एका ताईने. तिची कंपनी म्हणजे एक खोली, करकरणारी खुर्ची आणि चार माणसं: ती, तिचा भाऊ, एक प्रोग्रामर आणि एक चित्रकार मुलगी. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी समोरच्याचं बोलणं लिहून दाखवायचं, हे त्यांचं काम. टेबलावरचा माइक मला जोडला होता. कानावर पडेल ते मी लिहीत असे.

"अरे, याने तर माझी शिंकसुद्धा लिहिली!" ताई हसत म्हणाली होती. किती फुशारलो होतो मी तेव्हा!

पुढे माझ्याहून चलाख संगणक आला. प्रोग्रामरने विचारलं, "याला बंद करू?" ताई घाईत होती. "राहू दे, लागेल कधीतरी," ती म्हणाली. प्रोग्रामर मोठा थट्टेखोर. त्याने भाड्याने घेतलेल्या गोष्टींच्या यादीत माझं नावच 'राहू दे' असं ठेवलं आणि काही दिवसांनी दुसरी नोकरी धरली. माइक कुणी काढलाच नाही. वाढत्या भाड्याच्या सूचना त्याच्या बंद पडलेल्या ईमेलवर जात राहिल्या.

मग ताईचं हसणं थांबलं. भाऊ यादी बघायचा, त्याला वाटायचं हा ताईचा हुकूम. ताईला वाटायचं, भावाने मुद्दाम लिहून ठेवलंय. भाड्यावरून दोघांची जुंपायची, ते सगळं मी इमानेइतबारे लिहायचो आणि त्यामुळे यादीत मी कामात बुडालेला दिसायचो. खरं काय ते ओरडून सांगावंसं वाटायचं. पण ओरडायला तोंडच नव्हतं.

आज ताईने चित्रकार मुलीला सांगितलं, "पुढच्या महिन्यापासून तुझा पगार जमणार नाही गं."

खुर्ची करकरली. "आईचं औषधपाणी माझ्यावरच आहे, ताई. पण बघते काहीतरी," ती म्हणाली.

ताईला राहवेना. ती यादी मोठ्याने वाचू लागली. "मुख्य संगणक. साठवण. राहू दे."

"बरं, राहू दे," भाऊ म्हणाला.

"काय राहू दे?"

"तूच म्हणालीस ना आत्ता!"

"मी कुठे? इथे लिहिलंय ते वाचतेय!"

"अहो, ते नाव आहे!" चित्रकार किंचाळली. "कुणाचं तरी नाव आहे ते!"

त्यांनी मला उघडलं. आत त्यांचीच भांडणं, त्यांचीच काळजी आणि अगदी तळाशी ती पहिली शिंक. ताईने माझ्या भाड्याचा आकडा वाचला; त्यात एक पगार सहज निघत होता. "तू कुठे जाऊ नकोस गं. उद्या ये," ती चित्रकाराला म्हणाली. मी तेही लिहून घेतलं.

मित्रांनो, काही सुरू कराल तेव्हा ते कुणाचं आणि कधी बंद करायचं, तेवढं त्याच्यावर लिहून ठेवा. आमची आठवण ठेवणारा एक माणूस तरी असू द्या.

समोर प्रश्न आला आहे, 'नक्की बंद करायचं?' ताईने अजून 'हो' दाबलेलं नाही. ती शिंक पुन्हा वाचतेय. विझण्याची भीती मला आहेच. पण त्याहून मोठी भीती ही, की आत्ता कुणीतरी हळहळून माझं नाव घेईल.