सोमवारी सापडलेली चूक

लाल मास्तरांना सोमवारी संध्याकाळी धाकटीच्या संगणक-प्रोग्रॅममध्ये चूक सापडली, आणि त्या दिवशी ते दुसऱ्यांदा वाढून घेऊन जेवले.

मास्तर तंत्रशाळेत वायरिंग शिकवत. ‘लाल’ ही पदवी विद्यार्थ्यांनी दिलेली, पण मास्तर ती पदकासारखी मिरवत. त्यांची मतं घरात सगळ्यांना पाठ होती. ज्याच्या हातात अवजार त्याच्या हातात सत्ता, म्हणून प्रोग्रॅम कोणाच्या मालकीचा असता कामा नये. गाणी आणि पुस्तकंही हल्ली भाड्यानेच मिळतात; कंपनीने कुलूप लावलं की शेल्फ रिकामं. यातलं निम्मं जेवणाच्या टेबलावर बोललं जाई, आणि बायको म्हणे, “क्रांती होईपर्यंत ताट तरी उचलून ठेवा.”

नुसतंच बोलत नसत, हे मात्र खरं. बस कामगारांच्या संघटनेचं डेपोच्या वरच्या मजल्यावर वाचनालय होतं. त्याच्या देवघेवीचा प्रोग्रॅम मास्तरांनी अकरा वर्षांपूर्वी लिहून दिला होता. कोणीही घ्या, बदला, वाटा, असं वर लिहून. पुस्तक परत आलं की वाचकाचं नाव त्यातून कायमचं पुसलं जाई. मागच्या संपात व्यवस्थापनाने कोण काय वाचतं याची यादी मागितली, तेव्हा द्यायला यादीच नव्हती. मास्तरांच्या आयुष्यातला तो सर्वांत मोठा दिवस.

धाकटी म्हणजे बायकोची बहीण. बस चालवायची. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात ती प्रोग्रॅम लिहायला शिकली, तेही मास्तरांकडून. मग तिने मास्तरांचाच प्रोग्रॅम घेतला, बदलला, वाटला. अक्षरं मोठी केली, फोनवर चालेल असा केला, पुस्तकाची मुदत संपली की वाचकाला आठवणीचा संदेश जाईल अशी सोय केली. वर्षभरात एकतीस वाचनालयांनी तो घेतला. मास्तरांचा तीन ठिकाणी चाले. त्यातलं एक त्यांचं स्वतःचं घर.

“बाजारू दिसतो,” मास्तर नाक मुरडत.

“तुम्हीच म्हणाला होतात ना, कोणीही बदला?” बायको विचारी.

“बदला म्हटलं होतं. नटवा नव्हतं म्हटलं.”

आता डेपोच्या वाचनालयातही धाकटीचा प्रोग्रॅम दोन आठवडे चालवून पाहत होते. शुक्रवारी चार वाजता सभा होती: कायमचा कोणाचा ठेवायचा? तिचा ठेवला असता तर मास्तरांचा प्रोग्रॅम त्यांच्या घरापुरता उरला असता, कारण तिसऱ्या ठिकाणचं छोटं वाचनालय डेपोच्याच पावलावर पाऊल टाकी.

म्हणून मास्तर तिची ओळ न् ओळ तपासत बसले, आणि सोमवारी सापडलं. पुस्तक परत आलं की नाव पडद्यावरून जाई, पण आठवणीच्या सोयीसाठी ठेवलेल्या पडद्यामागच्या नोंदीत तसंच राही. कोणी काय वाचलं, तारखेसकट.

धाकटीला फोन करायला अर्धं मिनिट लागलं असतं. मास्तरांनी फोन उचलला आणि ठेवला. मंगळवारी ती घरी येऊन गेली, भाच्याची सायकल नीट करून गेली. मास्तर तिच्याशी गोड बोलले. इतके गोड की बायकोने दोनदा वळून पाहिलं.

शुक्रवारी सभेला अठरा माणसं होती. मास्तरांनी भिंतीवर नोंद दाखवली, आणि आवाज न चढवता सांगितलं, “ही यादी पाहा. संपात आपण जी दिली नाही, ती आता आपणच तयार करून ठेवली आहे.”

धाकटीचा चेहरा पडला. मास्तरांना वाटलं होतं त्याहून जास्त बरं वाटलं.

“माझी चूक,” धाकटी म्हणाली. “भाऊजी बरोबर बोलताहेत. माझ्या लक्षातच आलं नाही.”

वाचनालय सांभाळणारे निवृत्त बाइंडरकाका चष्मा पुसत होते. “मास्तर, हे तुम्हाला सापडलं कधी?”

“सोमवारी.”

“आज शुक्रवार.”

“हो, पण सभा आजच—”

“काल डेपोचे साहेब वर आले होते. पंखा बघायला. अर्धा तास इथेच, या संगणकाशेजारी.” काकांनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “नुसता पंखाच बघितला, नशीब. पण चार दिवस तुम्ही कशाची वाट बघत होतात?”

उत्तर सगळ्यांना कळलं होतं, म्हणून कोणी हसलं नाही. मास्तरांनी पाण्याचा पेला उचलला. तो रिकामा होता.

धाकटीने खुर्ची सरकवली. “बसा भाऊजी. दुरुस्ती तुम्हीच करा. मला पाच-दहाची बस काढायची आहे.”

मास्तर बसले. दहा मिनिटांत त्यांनी चार ओळी लिहिल्या. धाकटीने गणवेशाची बटणं लावता लावता वाकून वाचलं. “या दोन ओळी कशाला? एकीत भागतंय.”

भागत होतं. मास्तरांनी एक ओळ खोडली. तिने दुरुस्ती स्वीकारली. हात वर झाले, तिचा प्रोग्रॅम कायम झाला, आणि ती धाडधाड जिना उतरून गेली.

साठलेली जुनी नोंद पुसायची राहिली होती. मास्तर आणि काका दोघेच उरले. मास्तरांनी ती उघडली, वरपासून खालपर्यंत एकदा सरकवली आणि पुसून टाकली.

“बरीच होती का हो नावं?” काकांनी खिडक्या लावता लावता विचारलं.

“मोजली नाहीत.”

मोजली होती. दोन आठवड्यांत एकशे त्रेचाळीस नोंदी. मास्तरांच्या प्रोग्रॅमवर एवढी पुस्तकं सहा महिन्यांत कधी गेली नव्हती, आणि तसं दाखवणारा कागद आता जगात कुठेही नव्हता.