बाबूचा किस्सा

आमच्या शाळेबद्दल कुणी वाकडं बोललं की मला खपत नाही. बुरोंडीच्या अलीकडे, जांभ्या दगडाच्या तीन खोल्या, पुढे उंडीचं झाड आणि खिडकीतून थेट समुद्र. भरतीच्या वेळी गुरुजींचा भूगोल कमी ऐकू यायचा आणि लाटा जास्त. डब्याचं झाकण उघडायच्या आधीच कुणाच्या आईने आज सुकट दिलीय ते वर्गभर कळायचं. माझ्या मुलीच्या, राहीच्या डब्यात आता मॅगी असते. तिला काय कळणार मजा!

गुरुजींची शिमटी आम्हीच आणायचो. निगडीची, सरळ, पानं खुडलेली. ज्याची शिमटी गुरुजी निवडत, तो दिवसभर छाती काढून फिरायचा आणि पहिला फटका बहुधा त्यालाच बसायचा. हे आठवून आम्ही अजूनही पोट धरून हसतो.

सगळ्यात मोठा किस्सा माझ्या भावाचा, बाबूचा. प्रार्थना चालू असताना वर्गात शेळी शिरली आणि गुरुजींचं उपरणं चघळायला लागली. बाबूला हसू आवरेना. गुरुजींनी कानफटात अशी ठेवून दिली की "डाव्या कानात अजून बोटीचा भोंगा वाजतोय," असं तो सांगतो. त्या कानाने त्याला काहीही ऐकू येत नाही. बाबू मुंबईहून गावी आला की पारावर आधी या किस्स्याची फर्माईश. मीही शंभरदा ऐकलाय आणि शंभरदा हसलेय.

यंदा मे महिन्यात माजी विद्यार्थ्यांचा मेळावा ठरला. ठरवला सागरने. सागर आमच्याच वर्गातला, आता त्याच शाळेत शिक्षक. राही त्याच्याच वर्गात, पाचवीला. गावाला त्याचं कोण कौतुक! जुन्या वळणाचा मास्तर, पोरं नावाने कापतात म्हणून.

राहीचं मात्र परीक्षेच्या आधीपासून काहीतरी बिनसलं होतं. शाळेची वेळ झाली की पोटात दुखायचं. ओवा झाला, हिंग झालं, मी दृष्टसुद्धा काढली. विचारलं की "काय नाय." सुट्टी लागली तशी जरा हसायला लागली, पण शाळेचं नाव काढलं की पुन्हा तोंड मिटायचं. म्हटलं, मामा येईल तेव्हा बोलेल. मामावर भारी जीव तिचा.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी बाबू आला. दुपारी तो ओटीवरच्या झोपाळ्यावर बसला होता, शेजारी राही. ती खाली मान घालून हळूहळू काहीतरी सांगत होती आणि बाबू समुद्राकडे बघत, हसून मान हलवत होता. मला बरं वाटलं. मी आत मासे तळायला गेले.

थोड्या वेळाने राही चुलीपाशी येऊन उभी राहिली.

"आई, मामा हो म्हणाला."

"कशाला गो?"

"सर म्हणाले होते, घरी सांगण्याआधी मामाला विचार, आम्ही किती मार खाल्लाय. म्हणून मी विचारलं, हात सुजेपर्यंत मारतात ते बरोबर असतं काय? तो हसला आणि हो म्हणाला."

तिने डावा हात पुढे केला. दोन बोटांचे सांधे अजून जाड होते. मार्चमध्ये ती 'पडले' म्हणाली होती आणि मी हळद लावून मोकळी झाले होते. उजव्या हाताला सर काही करत नव्हते, कारण तो लिहायला लागतो. पट्टी उभी धरून मारत. एकटीला नाही, पाढा चुकला की कुणालाही.

तव्यावरचे मासे करपले. माझ्या अंगाची लाही लाही झाली होती आणि त्याहून जास्त माझी मला लाज वाटत होती. मी बाहेर जाऊन बाबूच्या उजव्या बाजूला बसले आणि सगळं सांगितलं.

ऐकू आलं नाही की हसून मान हलवायची, ही बाबूची जुनी सवय. माणूस किती वेळा "काय?" म्हणून विचारणार?  तो म्हणाला, "वेदिका, ती या बाजूला बसलेली ना?" आणि डाव्या कानाला हात लावला. त्या रात्री तो जेवला नाही.

मेळाव्याला सगळा गाव लोटला. पोरं पुढे सतरंजीवर, आम्ही मागे खुर्च्यांवर. सागरने माईकवरून हाक मारली, "बाबू, तो शेळीचा किस्सा होऊन जाऊ दे!" लोक आधीच हसायला लागले.

बाबूने माईक घेतला. "शेळी आली, मी हसलो, गुरुजींनी मारलं. हे तुम्हाला ठाऊक हाय. पुढचं मी कधी सांगितलं नाय. कानातून रक्त आलं. दुसऱ्या दिवशी आवशीने नारळ देऊन मलाच गुरुजींच्या पाया पडायला पाठवलं. तो कान गेला. काल माझी भाची त्याच कानाशी विचारत होती, सागर सर हात सुजेपर्यंत मारतात ते बरोबर हाय काय. मला ऐकूच आलं नाय. मी हो म्हटलं."

तो सतरंजीकडे वळला. "राही, नाय गो. बरोबर नाय. तेव्हाही नव्हतं."

सागर कसंनुसं हसला. "अरे, त्याच मारानं आपण घडलो ना?"

"मी बहिरा झालो, सागर. उद्या मी नि वेदिका केंद्रप्रमुखांकडे तक्रार द्यायला जातोय. ज्याला यायचं त्याने या."

 मग मागच्या रांगेतून दीपाली उठली. तिचा मुलगा राहीच्याच वर्गात. ती सतरंजीपर्यंत गेली आणि म्हणाली, "बाळा, हात दाखव बघू." तिच्या मागून आणखी दोघंतिघं उठले, आपापल्या पोरांना हाका मारत.

पोरांना वाटलं, आता घरच्यांचाही मार. सगळ्यांनी हात पाठीमागे लपवले.