शेरडांचं औषध

ठमाबाईच्या पायाला मुंग्या आल्या तेव्हा कुणी म्हणजे कुणी मनावर घेतलं नाही. अहो, भातलावणीत दिवसभर चिखलात उभं राहिल्यावर कुणाच्या पायाला येत नाहीत! पण लावणी उरकली तरी मुंग्या जाईनात. कातड्याखालून कायतरी चालतंय, असं ती म्हणायला लागली, आणि तिचा नवरा सावळाराम चपापला. नुकतंच त्यानं तिला पोटदुखीवर शेरडांचं जंताचं औषध पाजलं होतं, आणि पोट दुखायचं खरंच थांबलं होतं. जंत पोटातून पळून पायात उतरले, असं त्याच्या डोक्यानं घेतलं.

बाटली फडताळात होतीच. त्यानं पुन्हा पाजलं. ती वळवळ गुडघ्यापर्यंत चढली. जंत वर पळतायत म्हणून त्यानं आणखी पाजलं. दसऱ्याला ठमाबाई भिंत धरून चालत होती, दिवाळीत बसली ती बसलीच. तिच्या पायावर हात ठेवला की सावळारामाला आत सळसळ जाणवायची आणि हात आपोआप मागं यायचा. बायकोचीच शिसारी यावी, काय हे! त्याला स्वतःची लाज वाटायची.

मग घोडेगावच्या एसटीनं डॉक्टर मंगल आली. याच बोरी गावची लेक, पुण्यात असल्याच औषधांवर संशोधन करणारी. तिनं गुडघ्यांवर हातोडी मारून पाहिली, तळव्याला टाचणी टोचली, बाटली उजेडात धरून वाचली. सावळारामाला अंगणात नेऊन तिनं सांगितलं, की जंत नाहीतच. रोगाशी लढणारी अंगातली राखणच बिथरलीय, ती आपल्याच नसा कुरतडतेय. काही माणसांत हे या औषधानं होतं का, हेच ती शोधत होती. छातीठोक सांगता येत नव्हतं. पण औषध आजपासून बंद, आणि उद्याच पुण्याला न्यायचं. लवकर उपचार झाले तर पाय परत येतील.

ठमाबाई हटून बसली. लोकं किडकी म्हणतील, जंत मेल्याबिगर दवाखान्यात जायची नाही. आधी एक घोट द्या, मग न्या.

सावळाराम तिच्या पायथ्याशी बसला. औषध म्हणून नुसतं पाणी पाजावं, असंही मेलं मनात आलं. पण त्यानं तिच्या पायांवर हात ठेवला, आणि या वेळी तो मागं घेतला नाही.

"ठमे, जंत नव्हतंच. मी पाजलं, त्यानंच झालं आसंल."



"जाते मी पुण्याला," ती म्हणाली.

मग तिनं दोन्ही हातांनी आपला एक पाय उचलून त्याच्यापासून लांब ठेवला, आणि मग दुसरा.