साठ फॉर्म आणि मालुआक्का

माझ्या एम. ए.च्या प्रबंधाचा विषय होता 'सीमाभागातील औद्योगिक कामगारांची भाषिक व राजकीय मते'. विषय मीच निवडला, कारण बेळगावातून मच्छ्याच्या औद्योगिक वसाहतीकडं सारख्या बस असतात. साठ माणसं, प्रत्येकी बावीस प्रश्न. मार्गदर्शक प्रमोदिनी मॅडमची अट एकच: प्रत्येक फॉर्म त्या त्या माणसाच्या तोंडून. गेल्या वर्षी एकानं टिळकवाडीतल्या खोलीत बसून चाळीस फॉर्म भरले होते. मॅडमनी ते पहिल्या पाचांतच ओळखलं, आणि तो यंदा माझ्या शेजारी बसतो. माझी शेवटची तारीख पुढच्या आठवड्यातला शनिवार.

सोमवारी सकाळी अकराला मी मच्छ्यातल्या एका गल्लीत पोचलो, तर दारोदार कुलपं. कामगारांचा अभ्यास करायला निघालेल्या माझ्या हे लक्षातच आलं नव्हतं, की कामगार कामाला जातात.

एका दारात भरमू नावाचा गडी रात्रपाळी करून डोळे चोळत उभा होता. मी दिलेला फॉर्म त्यानं उलटापालटा करून परत दिला.

"सरवे व्हय? मालुआक्काकडं जा. समद्यांचं तीच सांगती," म्हणाला, आणि आत जाऊन झोपला.

मालुबाई गल्लीच्या टोकाला कट्ट्यावर पावटे सोलत बसली होती. सत्तरीची असेल. तिनं आधी प्रश्न किती ते विचारलं. बावीस म्हटल्यावर जरा हिरमुसली. मागची बाई चाळीस घेऊन आली होती. मग तिनं मला समजावलं. गल्ली तीन पाळ्यांत कामाला जाते, सरवेवाले येतात भर दुपारी. म्हणून बऱ्याच वर्षांपूर्वी असं ठरलं, की मतं आक्काकडं ठेवायची, बाहेर जाताना शेजारी किल्ली ठेवतात तशी. मत बदललं की जो तो येऊन सांगून जातो.

आणि ती सांगू लागली. रवळूनं मुलीला कन्नड शाळेत घातलंय, पण ते भाषेपायी नव्हे, शाळा घराला लागून आहे म्हणून. नीलमच्या घरात भांडण मराठीत होतं, मिटतं कन्नडमध्ये. भरमू आणि त्याचा भाऊ एका ताटात जेवतात आणि दोन पक्षांना मत देतात. नववा प्रश्न होता, गाव कुठल्या राज्यात असावं. तिथं ती थांबली.

"भरमूचं कुठलं लिवतोस? मनातलं, का भावाम्होरचं?"

आमच्या संशोधनपद्धतीच्या पुस्तकात यावर काही नव्हतं. मी दोन्ही लिहिली.

दोन दिवसांत एकोणसाठ फॉर्म झाले. मी आनंदानं मॅडमना फोन करून मालुबाईचं सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, एका तोंडातून आलेले एकोणसाठ फॉर्म म्हणजे एक फॉर्म.

मग आठवडाभर मी पाळी सुटायच्या वेळा धरून गल्लीत उभा राहिलो. एकेकाला गाठून तेच प्रश्न विचारले आणि मालुबाईच्या फॉर्मांशी ताडून पाहिले. एकूण उत्तरं बाराशे अठ्ठ्याण्णव. चुकलं एक. रवळू म्हणाला होता, मुलीला यंदा कन्नड शाळेतून काढणार. ते मी मालुबाईला सांगायला गेलो, खरं तर जरा खुशीतच.

"काल बायकोसंगं वाजलंय त्येचं," ती म्हणाली. "उद्यापतूर थांब."

दुसऱ्या दिवशी रवळू मला शोधत बस स्टॉपवर आला, आणि ते उत्तर पहिल्यासारखं करा म्हणाला.

मी बस सोडून दिली. कॉलेजात 'शास्त्र' हा शब्द मी रोज ऐकत होतो. ते कट्ट्यावर बसून पावटे सोलतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

शुक्रवारी एकच फॉर्म उरला, तिचा स्वतःचा. तिनं नाव सांगितलं, वय सांगितलं, जन्म सदलग्याचा म्हणाली. मग मी पहिला प्रश्न वाचला: एकट्या असताना स्वतःशी कुठल्या भाषेत बोलता? तिचे हात थांबले.

"माझं कोण इचारतंय?"

मी म्हटलं, मी विचारतोय.

ती पावट्यांकडं बघत राहिली. म्हणून मी उठून गल्लीत चौकशी केली. भरमू म्हणाला कन्नड, नीलम म्हणाली मराठी. रवळू म्हणाला, आक्का एकटी असते कधी? एकोणसाठ माणसांची मतं जिच्याकडं, तिचं एकही मत एकालाही ठाऊक नव्हतं.

मी परत आलो तर पावटे तसेच पडले होते.

"चार दिसांनी ये," ती म्हणाली. "दुसऱ्यांचं झटक्यात सापडतंय. माझं कुठं ठेवलंय, बघाय पायजे."

मी सांगितलं, उद्या शेवटची तारीख आहे.

"मग तुझ्या मनानं भर जा. मी काय कुणाला सांगत न्हाय."

बसमध्ये मी पेन काढलं. बावीस उत्तरं, पाच मिनिटांचं काम. एकोणसाठ खऱ्यांत साठावा खोटा मॅडमनाही ओळखता आला नसता. पहिल्या प्रश्नावर पेन टेकवलं. पिरनवाडीचा स्टॉप आला तरी ते तिथंच होतं. शाईचा एक ठिपका पडला, तेवढाच.

शनिवारी मी मॅडमसमोर एकोणसाठ फॉर्म ठेवले. वर साठावा, त्यावर नाव, वय, जन्मगाव आणि ठिपका. सोबत चार दिवसांच्या मुदतवाढीचा अर्ज. कारण लिहिलं होतं: 'उत्तर देणाऱ्या बाई विचार करत आहेत.' मॅडमनी आजवर मुदतवाढीसाठी लग्नं ऐकली होती, डेंग्यू ऐकला होता, एकाच आजीचं तिसऱ्यांदा झालेलं निधन ऐकलं होतं. हा अर्ज त्यांनी दोनदा वाचला. मग मला बसवून सगळं सांगायला लावलं. मी सांगितलं, पेन टेकवलेलंही.

साठावा फॉर्म उचलून त्यांनी विचारलं, "चार दिवस पुरतील त्यांना?"

मी म्हणालो, त्यांचं आजवर एकदाच चुकलंय, आणि तेही दुसऱ्या दिवशी बरोबर निघालं.

मॅडमनी अर्जात मी मागितलेली तारीख खोडली. पेन हातात धरून बसून राहिल्या, आणि नवी तारीख काही घातली नाही.