माझ्या टाळक्यावर फुटलेला नारळ

हो, मीच बोलतोय. इकडं खाली बघा, साकोलीत प्रविणच्या गॅरेजमध्ये, जुन्या बेअरिंगांच्या टोपलीत. चपटा, चौकोनी, अ‍ॅल्युमिनियमचा डबा दिसतोय ना? तोच मी. गाडीचा कंप्यूटर. मेकॅनिक मला ईसीएम म्हणतात, माझी मालकीण कौशल्याबाई ‘गाडीचं डोस्कं’ म्हणते. येणारा-जाणारा विचारतो, "हा खराब झाला का?" अरे, खराब झाला नाही, खराब केला! फरक आहे दोन्हीत, आणि तो सांगितल्याशिवाय मी भंगारात जाणार नाही.

जन्माचं पुराण लावत नाही. कारखान्यात जन्मलो आणि एका पांढऱ्या गाडीच्या बोनेटखाली, बॅटरीशेजारी बसलो. इंजिनाला पेट्रोल किती पाजायचं, ठिणगी कधी पाडायची, सगळं माझ्या हुकमानं. चावी फिरली की आधी ती आपली आहे का ते तपासायचो, मगच इंजिनाला ‘चल’ म्हणायचो. परकी चावी लावून बघा, ढिम्म हलणार नाही.

गाडी घेतली नंदलालनं. साकोलीजवळच्या गावातला धानाचा शेतकरी, शांत माणूस. गाडी इतकी जपून चालवायचा की सायकलवाले पुढं निघून जायचे. मग त्याच्या डोळ्यांत काचबिंदू झाला. समोरचं माणूस नुसतं सावलीसारखं दिसू लागलं. औषधोपचाराला सारखं भंडाऱ्याला जावं लागायचं. मुलगी मोनिका लग्न होऊन तुमसरला गेलेली. न्यायचं कोणी?

शेवटी त्याच्या बायकोनं, कौशल्याबाईनं, पदर खोचला आणि स्टिअरिंग धरलं. केस पांढरे व्हायला लागलेली बाई, पण शिकली. तलावाच्या पाळीवर तिनं गाडीला असे काही झटके दिले की माझा खिळा न् खिळा हलला. नंदलाल शेजारी बसून सांगायचा, "क्लच हळू सोड वं, बैलाचं दावं नाई ते!" ती म्हणायची, "बैल बरा, तो बोंबलत तं नाई शेजारी बसून." दोघं हसायची. मीही खूश असायचो. खरं सांगतो, तिच्यासारखा हलका पाय पुन्हा त्या पेडलवर पडला नाही.

पण हे एकाला सहन होईना. केशवराव. नंदलालचे मोठे भाऊ, म्हणजे कौशल्याबाईचे भासरे. आमच्याकडं सून भासऱ्यांसमोर खाटेवर बसत नाही, डोक्यावरचा पदर ढळू देत नाही. त्यांना काही सांगायचंच झालं तर भिंतीकडं तोंड करून, दुसऱ्या कुणाला तरी सांगते. आणि ही बाई भर गावातून, त्यांच्या ओट्यासमोरून, हॉर्न वाजवत गाडी नेते! केशवरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

दसरा आला. गाडी धुतली, झेंडूची माळ घातली, हळदकुंकू झालं. नारळ फोडायचा मान घरातल्या मोठ्याचा. जगात नारळ चाकापुढं फोडतात. पण केशवराव म्हणाले, "चाकापुढं कायले? डोस्क्याचीच पूजा झाली पायजे." त्यांनी बोनेट उघडायला लावलं. आत टणक, सपाट जागा शोधता शोधता त्यांची नजर माझ्यावर पडली.

कौशल्याबाईच्या लक्षात आलं. पण बोलायचं कसं? ती घाईघाईनं नवऱ्याला म्हणाली, "अहो, तिथं नका फोडू म्हणा ना!"

नंदलाल म्हणाला, "कुठं वं? मले दिसून नाई राहिलं."

तेवढ्यात धाड! माझ्या टाळक्यात! वायरींच्या प्लगची कड चिरली आणि नारळाचं गोड पाणी आत उतरलं. देवाच्या नावानं माझा जीव घेतला आणि वर प्रसाद वाटला!

पुढं काय होणार? आत हिरवा गंज चढू लागला, गोडाला मुंग्या लागल्या. मला थंडीतापासारखी हुडहुडी भरायची. मी डॅशबोर्डवर पिवळा दिवा लावून ओरडत होतो. केशवरावांनी तो बघून निकाल दिला, "काई नाई, शोभेचा आहे."

आणि एक दिवस, नंदलालला भंडाऱ्याला नेताना, लाखनीच्या अलीकडं भर महामार्गावर इंजिन बंद पडलं. माझ्याकडून झेपलंच नाही. मागं ट्रकवाले बोंबलतायत, शेजारी न दिसणारा नवरा दाराचं हँडल घट्ट धरून बसलाय, आणि ती चावी फिरवत मला विनवतेय, "चाल बाप्पा, आजच्या दिवस चाल." त्या दिवसाइतकी लाज मला कधी वाटली नाही.

ट्रॅक्टरला बांधून गाडी प्रविणकडं आणली. केशवराव मागोमाग हजर. "मी म्हनतच होतो. बाईमानसाच्या हाती गाडी देल्ली का असंच होते. नंदलाल, गिऱ्हाईक आहे माह्याकडं, विकून टाक."

चोर सोडून संन्याशाला फाशी! मला तोंड असतं तर तिथंच बोललो असतो. गाडी गेली की ती बाई पुन्हा दुसऱ्याच्या मिनतवारीवर येणार, हे मला कळत होतं, आणि त्यांनाही चांगलंच कळत होतं.

प्रविणनं माझा प्लग ओढला. मुंग्यांची रांग त्याच्या मनगटावर चढली. "अरे बाप्पा! याच्यात गोड कोनं ओतलं?"

"पावसाचं पानी गेलं असन," केशवराव छताकडं बघत म्हणाले.

"पावसाच्या पान्याले मुंग्या नाई लागत, काका." प्रविणनं चिमट्यानं काहीतरी ओढून काढलं. नारळाच्या शेंडीची काडी होती.

कौशल्याबाई भिंतीकडं तोंड करून उभी होती. ती वळली. सरळ भासऱ्यांच्या डोळ्यांत बघून म्हणाली, "भाऊजी, नारळ तुमी फोडला. गाडी माह्या हातानं नाई बिघडली. अन् गाडी विकाची नाई."

वा गं माझी वाघीण! केशवरावांच्या तोंडातला तंबाखू-सुपारीचा खर्रा तोंडातच राहिला. नंदलाल हळूच म्हणाला, "दादा, तिनं सांगतलं ना. नाई विकाची."

प्रविणनं नागपूरहून माझ्याच जातीचा जुना डबा मागवला आणि माझ्या जागी बसवला. चावी फिरवली, इंजिन गप्प. केशवरावांना पुन्हा कंठ फुटला, "पाहा! मी काय म्हनतो?" अहो, त्या बिचाऱ्याला ही चावी परकी. ओळखीची खूण होती माझ्याजवळ, माझ्या आतल्या एका इवल्याशा चिपमध्ये. सगळीकडं गंज चढला, पण तिला मी धक्का लागू दिला नव्हता.

प्रविणनं मला उघडलं, लॅपटॉप जोडला आणि ती खूण माझ्यातून काढून त्या नागपूरवाल्याच्या पोटात भरली. मी म्हटलं, घे बाबा, सगळं घे. फक्त तिला रस्त्यात सोडू नको.

कौशल्याबाईनं चावी फिरवली आणि इंजिन एका झटक्यात बोललं.

नंदलाल चाचपडत पुढं बसला. केशवराव बाहेरच घुटमळत होते. ती काच खाली करून म्हणाली, "भाऊजी, मांगं बसा. घरी सोडून देतो." आणि बसले हो! वहिवाट मोडून भावजयीच्या मागं, गुडघ्यावर हात ठेवून.

मी आता रिकामा आहे. मला वितळवा, माझं भांडं करा, झाकण करा, तक्रार नाही. फक्त महामार्गावर ती पांढरी गाडी दिसली आणि स्टिअरिंगवर डोक्यावर पदर घेतलेली बाई दिसली, तर मागून हॉर्न बडवून तिला घाबरवू नका. ती बाजूला होणार नाही. तुम्ही व्हा.