वाळीतल्या शेताची खांड

दुपारच्या उधाणात खाडीचा बांध फुटला आणि दत्तात्रेयच्या शेतापाशी मोठी खांड पडली; त्या भगदाडातून खारं पाणी आत घुसू लागलं. बांध फुटला की घरटी एक माणूस मदतीला उतरायचा, हा गावाचा जुना रिवाज. पण दत्तात्रेयचं घर गावकीने वर्षभरापासून वाळीत टाकलं होतं. तो आणि त्याची बायको धोंडुबाई दोघंच चिखलाचे गोळे टाकत होती आणि सारा गाव बांधावर नुसता उभा होता.

महिला मंडळाच्या इंदुबाईला ते बघवेना. तिने पदर खोचला.

"खाली उतरलीस तर घराची पायरी चढू नको," तिचा नवरा जनू कडाडला. तो गावकीचा पंच होता.

"नाय चढत. खारं पानी कुनाचं शेत हाय ते बघत नाय," म्हणत ती चिखलात उतरली. मागे वळून बघायचा धीर नव्हता.

थोड्या वेळाने तिच्या शेजारी मंडळातली गोदूबाई येऊन वाकली. मग आणखी चौघी आल्या. जनू पाठ फिरवून निघून गेला.

ओहोटी लागेपर्यंत खांड बुजली. धोंडुबाईने भीतभीत पाण्याचा तांब्या पुढे केला. साऱ्या गावादेखत इंदुबाई ते पाणी घटाघटा प्याली.